सीट ठरलेली असते, मग रांग कशाची?

बोर्डिंग पासवर सीट नंबर छापलेला असतो. तरीही लोहगाव विमानतळावर गेटवरच्या कर्मचाऱ्याने माइक हातात घेतला रे घेतला, की निम्मे प्रवासी बॅग खांद्याला लावून उभे राहतात. डेक्कन क्वीनचं आरक्षण खिशात असलेला माणूस फलाटावर चहा संपवून निवांत डब्यात चढतो. त्याच माणसाला विमानाच्या दारात कसली घाई होते?

दुसरं कोडं घरबसल्या पडतं. सुट्टीची तिकिटं काढून झाली, आता वेब चेक-इन उरकून टाकू म्हणून पान उघडलं, तर सीटांच्या नकाशावर जिथे बोट ठेवावं तिथे रुपयांचा आकडा. तिकिटाचे पैसे तर कधीच भरले, मग बसायचे वेगळे का?

दोन्ही कोड्यांची उत्तरं शोधायला आधी एकाच ठिकाणी डोकावावं लागतं: दोन उड्डाणांच्या मधल्या अर्ध्या तासात.

पंगत उठते, पंगत बसते

मंगल कार्यालयातला हॉल तेवढाच असतो आणि वाढपीही तेवढेच. पहिली पंगत उठून, जागा पुसून दुसरी किती लवकर बसते, यावर दुपारपर्यंत किती पाहुणे जेवतील ते ठरतं. स्वस्त विमान कंपनीचं विमान हा तसा हॉल आहे. ते हवेत असतं तेव्हा कमावतं आणि जमिनीवर उभं असतं तेव्हा नुसता खर्च करतं. आलेले प्रवासी उतरवायचे, सफाई करायची, इंधन भरायचं, सामान काढून नवं चढवायचं आणि नवे प्रवासी बसवायचे, या सगळ्याला या धंद्यात ‘टर्नअराउंड’ म्हणतात. स्वस्त कंपन्या तो अर्ध्या तासाच्या आसपास उरकायला बघतात. विमान दिवसाला सहा उड्डाणं करत असेल आणि मधल्या पाच थांब्यांत दहा-दहा मिनिटं वाचली, तर पन्नास मिनिटं हाती लागतात. म्हणजे जवळच्या एखाद्या शहराचं जवळपास एक जादा उड्डाण.

या मिनिटांची किंमत आधी अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीला कळली, तीही नाइलाजाने. १९७२ मध्ये पैशांच्या तंगीमुळे तिने चारपैकी एक विमान विकलं आणि वेळापत्रक मात्र तसंच ठेवलं. उरलेल्या तीन विमानांत ते बसवायचं तर विमान दहा मिनिटांत परत फिरवणं भाग होतं. ते जमलं, आणि जगभरच्या स्वस्त विमानसेवेने तिथूनच धडा घेतला.

आता विमानाच्या आत येऊ. आपल्याकडच्या स्वस्त कंपन्यांच्या एअरबस ए-३२० मध्ये साधारण १८० किंवा १८६ सीटा असतात, बोइंग ७३७ मध्ये १८९ पर्यंत. मधे एकच वाट, जेमतेम एका माणसाच्या रुंदीची. १८६ जणांनी एकामागून एक, प्रत्येकी फक्त १० सेकंद वाट अडवून बॅग वर ठेवली, तरी १,८६० सेकंद होतात. म्हणजे ३१ मिनिटं, अख्खा टर्नअराउंड त्यातच संपला. त्यामुळे बोर्डिंगची पद्धत कुठलीही असो, तिचा सगळा खटाटोप एकाच वेळी जास्तीत जास्त लोकांना बॅगा वर ठेवता याव्यात यासाठी असतो.

‘मागच्यांना आधी बसवा, सोपं आहे!’

असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते चुकतं. शेवटच्या पाच ओळींतले तीस जण आधी बोलावले असं समजा. एका ओळीची लांबी साधारण २९ इंच धरली, तर पाच ओळी म्हणजे जेमतेम बारा फूट. तेवढ्या जागेत बॅग उचलून एका वेळी चार-पाच माणसंच उभी राहू शकतात. उरलेले पंचवीस जण त्यांच्या मागे खोळंबतात, आणि विमानाचा पुढचा सगळा भाग रिकामा असूनही कुणाच्या उपयोगी पडत नाही. त्यातही वाटेकडचा माणूस आधी येऊन बसला असेल, तर खिडकीवाला आल्यावर त्याला उठून बाहेर यावं लागतं. एवढ्यासाठी अख्खी रांग थांबते.

जेसन स्टेफन या भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये हे गणित कागदावर मांडलं आणि पुढे विमानाच्या नकली सांगाड्यात, १२ ओळी आणि ७२ माणसं घेऊन, प्रत्यक्ष करून पाहिलं. मागून पुढे बसवायला ६ मिनिटं ११ सेकंद लागली. गठ्ठ्यागठ्ठ्याने, म्हणजे एकदा मागचा भाग, एकदा पुढचा असं बसवायला ६ मिनिटं ५४ सेकंद. कुठलाही क्रम न लावता लोकांना सोडून दिलं तर ४ मिनिटं ४४ सेकंद! म्हणजे शिस्तीपेक्षा गोंधळ बरा ठरला. आधी खिडकी, मग मधली, मग वाटेकडची सीट असा क्रम लावला तर ४ मिनिटं १३ सेकंद. स्टेफनची स्वतःची पद्धत सगळ्यांत जलद, ३ मिनिटं ३६ सेकंद. तिच्यात आधी एका बाजूच्या खिडक्या, त्याही एकाआड एक ओळीने, मागून पुढे. प्रत्येकाला बॅग उचलायला ऐसपैस जागा मिळते आणि कुणी कुणाच्या आड येत नाही.

मग ही पद्धत सर्रास का वापरत नाहीत? कारण ती जमते एकेकट्या, आज्ञाधारक प्रवाशांना. आजीचा हात धरलेल्या नातीला ‘तू खिडकीवाली, तू आधी जा, आजी वाटेकडच्या, त्या तिसऱ्या फेरीत’ असं सांगून बघा. अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून खिडकी-मधली-वाट हा क्रम पुन्हा आणला, पण एका बुकिंगवरच्या लोकांना एकत्र चढू देऊन.

आपल्याकडे त्यात बसचीही भर पडते. विमान लांब उभं असेल तर गेटवर झोन, म्हणजे प्रवाशांचे गट, पुकारून लावलेली सगळी शिस्त बसमध्ये मोडते. पहिल्यांदा चढलेला माणूस बसच्या कोपऱ्यात अडकतो आणि शेवटी धावत आलेला दारापाशी उभा राहून सगळ्यांत आधी उतरतो. यात एक गंमत मात्र आहे. बसने गेल्यावर विमानाचं पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं वापरता येतात, त्यामुळे बसायला वेळ कमी लागतो. एअरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणाऱ्या बोगद्याला, बहुधा पुढचं एकच दार जोडलेलं असतं. पीएमपीच्या बसला एकच दार ठेवलं तर स्वारगेटला काय होईल, तेच. प्रवाशाला एअरोब्रिज ऐटीचा वाटतो, कंपनीला मात्र दोन जिने अनेकदा जास्त सोयीचे पडतात.

बसमधून उतरल्यावर बोर्डिंग पासवरचा ओळीचा आकडा बघूनच जिना निवडा. विसाव्या ओळीच्या मागचे पुढच्या जिन्याने चढले, की आत दोन प्रवाह समोरासमोर येतात आणि वाचलेला वेळ तिथेच जातो.

रांग असते डोक्यावरच्या कप्प्यासाठी

सीट कुठे पळून जात नाही, पण तिच्या डोक्यावरचा सामानाचा कप्पा कुणाच्याच नावावर नसतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत होती. विमानात तो रुमाल कप्प्यात पडतो, चाकांच्या बॅगेच्या रूपाने. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेची मर्यादा सहसा ७ किलो आणि सुमारे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असते, शिवाय लॅपटॉपची पिशवी किंवा पर्स. विमान भरलेलं असेल आणि प्रत्येकाने याच मापाची बॅग आणली असेल, तर सगळ्या बॅगा वर मावत नाहीत. शेवटी येणाऱ्यांच्या बॅगांना गेटवर किंवा विमानाच्या दारात चिठ्ठी लावून त्या पोटात, म्हणजे मालकक्षात, पाठवल्या जातात.

‘प्रायॉरिटी बोर्डिंग’ म्हणून जादा पैसे घेतले जातात ते खरं तर या कप्प्यातल्या जागेचे. हातात चाकांची बॅग असेल आणि उतरल्यावर लगेच निघायचं असेल, तर त्याचा उपयोग आहे. खांद्यावर फक्त एक सॅक असेल तर ती पुढच्या सीटखाली जाते, आणि मग आधी चढून तुम्हाला मिळतं ते एवढंच, की आत बसून बाकीच्यांची वाट पाहायची.

दारात बॅग काढून घेतली जाण्याची शक्यता धरूनच ती भरावी. पॉवर बँक, रोजची औषधं, दागिने आणि कागदपत्रं एका छोट्या पिशवीत घालून ती बॅगेत सगळ्यांत वर ठेवा म्हणजे क्षणात काढता येईल. पॉवर बँक मालकक्षात चालतच नाही. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर तिथे विझवायला कुणी नसतं. आणि बाकरवडीची पाकिटं हातात वेगळी धरली म्हणून वजनातून सुटत नाहीत.

थाळी मोडली, पदार्थ सुटे झाले

आता सीटचे पैसे. पूर्वीचं विमानाचं तिकीट थाळीसारखं होतं. जेवण, सामान, सीटची निवड, सगळं एका दरात. स्वस्त कंपन्यांनी थाळी मोडली आणि वाटी-वाटीचा दर लावला. याला ‘अनबंडलिंग’ म्हणतात आणि आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, त्याला परवानगी आहे. अट अशी, की जादा सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडलेली असली पाहिजे. आधीच खूण करून ठेवायची आणि नको असेल त्याने शोधून काढायची, हे चालत नाही.

गंमत म्हणजे स्वस्त विमानसेवेची सुरुवात नंबर नसलेल्या सीटांपासून झाली. २००३ मध्ये आलेल्या एअर डेक्कनमध्ये सुरुवातीला जो आधी चढेल तो हवं तिथे बसे. युरोपात ईझीजेटने २०१२ पर्यंत आणि रायनएअरने २०१४ पर्यंत हेच केलं. साउथवेस्टने तर जानेवारी २०२६ पर्यंत धरून ठेवलं. नंबर नसले की लोक पटापट बसतात. तरी सगळ्यांनी ते सोडलं. प्रवाशांना धक्काबुक्की नको होती हे खरं, पण जिला नंबरच नाही ती सीट विकता येत नाही, हेही तितकंच खरं. वाचलेल्या मिनिटांपेक्षा विकलेल्या सीटा जड भरल्या.

‘म्हणजे पैसे भरल्याशिवाय सीटच नाही?’

असं नाही. तिकीट आहे म्हणजे एक सीट आहे. पैसे घेतले जातात ते ‘कुठली’ हे तुम्ही ठरवण्याचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनमध्ये सगळ्याच सीटांना शुल्क लावल्याचं जाहीर केलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने तपासणी करू असं सांगितलं, आणि विमानतळावर चेक-इन केल्यास उपलब्ध सीट मोफत मिळेल असं कंपनीने स्पष्ट केलं. पुढे जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने आणखी एक गोष्ट निकाली काढली: काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत. तोवर काही कंपन्या त्याचे २०० रुपये घेत होत्या.

व्यवहारात असं करावं. सीटांच्या नकाशाचं पान आलं की घाबरून पहिल्या रंगीत चौकोनावर बोट ठेवू नये. मोफत सीटा असतील तर त्या वेगळ्या रंगात दिसतात. नसतील तर पानाच्या तळाशी ‘स्किप’ किंवा तत्सम बटण बारीक अक्षरांत असतं. ते दाबलं की कंपनी उरलेल्यांतली सीट देते. ती बऱ्याचदा मधली असते, म्हणजे बी किंवा ई. खिडक्या ए आणि एफ, वाटेकडच्या सी आणि डी. एकट्याने तासा-दीड तासाचा प्रवास असेल तर मधल्या सीटसाठी पैसे मोजण्याचं कारण मला तरी दिसत नाही. उंच माणसाची किंवा गुडघेदुखीवाल्याची गोष्ट वेगळी. पहिली ओळ आणि आपत्कालीन दाराजवळची ओळ इथे पायाला जास्त जागा असते आणि ती जागा पैसे वसूल करते. मात्र आपत्कालीन दाराजवळ मुलं, गरोदर स्त्रिया किंवा आधार लागणारे वयस्कर यांना बसवत नाहीत, कारण प्रसंग आला तर ते दार तिथल्या प्रवाशालाच उघडायचं असतं. गुडघेदुखीचं काउंटरवर बोललात तर तीही सीट जाईल, तेव्हा पहिल्याच ओळीकडे बघा. दारापुढच्या ओळीची पाठही सहसा मागे झुकत नाही. तिथे पैसे भरून बसणाऱ्याची फसगत होते.

‘आम्ही चौघं, आणि चार टोकांना?’

कंपन्यांचा धंदा सर्वांत जास्त चालतो तो या भीतीवर. म्हणून नियम नीट माहीत हवा. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना बजावलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावरच्या, निदान एका पालकाशेजारी सीट द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. ‘एका’ हा शब्द महत्त्वाचा. आई आणि मूल एकत्र, बाबा दहा ओळी मागे, हे या आदेशात बसतं. चौदा वर्षांची मुलगी या संरक्षणाबाहेर आहे, आणि सत्तरीचे आजोबाही.

त्यामुळे मुलांसोबत जाताना सगळी तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. आईचं ऑफिसच्या कार्डवर वेगळं आणि मुलाचं बाबांसोबत, असं केलं तर संगणकाला ती आई ओळखूच येत नाही. मुलाचं वय बुकिंग करतानाच बरोबर भरा. मूल एकटं पडलं आहे असं वेब चेक-इननंतर दिसलं, तर पैसे भरण्याआधी कंपनीला लिहा किंवा काउंटरवर लवकर जा. विमानात बसल्यावर हा प्रश्न सोडवायचा म्हणजे शेजाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबणं आलं, आणि ज्याने वाटेकडच्या सीटचे पैसे भरलेत त्याने नाही म्हटलं तर तो वाईट माणूस ठरत नाही.

तान्ह्या बाळाचं आणखी एक आहे. तीन सीटांच्या वर सहसा चारच प्राणवायूचे मास्क असतात, म्हणून तीन सीटांत मांडीवरचं बाळ एकच. जुळी घेऊन निघालेल्या आईबाबांना वाटेच्या दोन बाजूंना बसवलं तर त्यामागे हे कारण असतं.

‘मागे एवढ्या सीटा रिकाम्या आहेत, बसलो तर काय बिघडलं?’

विमान हे मधे टेकवलेल्या फळीसारखं आहे. माणसं, सामान आणि इंधन यांचा तोल एका ठरावीक पट्ट्यात राहावा लागतो, आणि दार लावण्याआधी त्याचा हिशोब वैमानिकाच्या हातात गेलेला असतो. १८६ सीटांच्या विमानात एक माणूस हलल्याने काही होत नाही. निम्म्या रिकाम्या विमानात पंधरा जण पुढून मागे गेले तर होतं. ७०-८० सीटांच्या एटीआर या छोट्या विमानात तर याची जास्तच काळजी घेतात. (एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे आणि सामानाचं पुढे असतं. पहिल्या ओळीची सीट घेऊन ‘लवकर उतरू’ म्हणणारा तिथे शेवटी उतरतो.) म्हणून दारं बंद होईपर्यंत थांबा आणि क्रूला विचारा. जादा पैशांची सीट मात्र अशी मिळत नाही.

तिकीट आहे, पण विमानात घेतलं नाही

काही प्रवासी येतच नाहीत हे धरून कंपन्या कधी कधी सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले तर कुणाला तरी मागे राहावं लागतं. अशा वेळी कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे असतात. कुणी मिळालं नाही आणि तुम्हाला जबरदस्तीने थांबवलं, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिल्यास एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचं असेल तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. दुसरं विमानच नको असेल तर पूर्ण परतावा आणि वर ४०० टक्के, मर्यादा तीच. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ३,५०० असेल तर ७,००० किंवा १४,०००. तिकिटावरचा एकूण आकडा धरू नका, त्यात कर मिसळलेले असतात. नकाराचं कारण लेखी मागून घ्या. पुढे मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करताना तोच कागद कामी येतो.

हे सगळं वेळेवर पोचलेल्यासाठी. उशिरा आलेल्याला यातलं काहीच मिळत नाही, आणि पुण्यात लोक चुकतात ते इथेच. तिकिटावर ६:१० लिहिलं असेल, तर ती विमानाची चाकं हलण्याची वेळ आहे. सामान घेणारा काउंटर सहसा ६० मिनिटं आधी, म्हणजे ५:१० ला बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी, ५:४५ ला. त्या २५ मिनिटांत डोकी मोजली जातात, तोलाचा कागद तयार होतो, आणि न आलेल्याची बॅग पोटातून शोधून काढली जाते. मालकाशिवाय बॅग नेता येत नाही. वेब चेक-इन केलंय म्हणजे गेट थांबेल हा समज खोटा आहे. एअरोमॉलमध्ये गाडी लावून टर्मिनलपर्यंत चालण्याची मिनिटंही यातच मोजा, आणि डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, असली तरी सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही. धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे आपली वेळ हुकलेल्या विमानाला कधी किती थांबावं लागेल हे कंपनीच्या हातात नसतं, आणि म्हणूनच एका प्रवाशासाठी ती दार उघडं ठेवत नाही.

उतरताना पुढची सीट किती उपयोगी, हेही दारांवरच ठरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये इंडिगोने पुढची दोन आणि मागचं एक अशा तीन दारांनी प्रवासी उतरवायला सुरुवात केली, तेव्हा पाच-सहा मिनिटं वाचतील असा तिचा हिशोब होता. एअरोब्रिज लागला तर तिसाव्या ओळीतला सगळ्यांत शेवटी बाहेर येतो, जिने लागले तर पहिल्या काही जणांत. कुठलं लागेल हे सीट विकत घेताना सांगता येत नाही. आणि बॅग पोटात टाकली असेल तर दुसऱ्या ओळीचे पैसे भरून हाती एवढंच लागतं, की रिकामा पट्टा फिरताना बघायला पाच मिनिटं जास्त मिळतात.